पंख्याची वायर

दादा गेला तेव्हा वहिनी रडली नव्हती. झोपायच्या खोलीतल्या कपाटात ठेवलेला त्याचा सर्व्हर, म्हणजे सगळं साठवून ठेवणारा संगणक, बंद पडला, त्या दिवशी मात्र तिने नणंदेला फोन केला आणि नुसतीच नाक ओढत राहिली.

नणंद वजनकाटे दुरुस्त करणारी. हत्यारांची पिशवी घेऊनच आली. आवाज जाईल म्हणून घशाच्या ऑपरेशनआधी दादाने तो रेकॉर्ड करून त्या खोक्यात ठेवला होता. ऑपरेशन झालं, पण दादा घरी परतला नाही. आवाजाची दुसरी प्रत काढायची काढायची म्हणत राहूनच गेली होती.

डिस्क चारही धड होत्या. मेलं होतं ते कंट्रोलर कार्ड, त्या चौघींना एकत्र नांदवणारं. दादाचं एकेक वाक्य चौघींत तुकड्यातुकड्यानं वाटलेलं, आणि ती वाटणी त्याच जातीच्या कार्डाला कळणार.

कॉम्प्युटरच्या दुकानदाराने नवंकोरं कार्ड पुढे सरकवलं. "हे घ्या ताई, दुप्पट वेगाचं. जुनं कोण वापरतं आता?"

"माझ्या डिस्क वाचेल?"

"आधी कोऱ्या करून घेतं. मग पळतं बघा."

"कोऱ्याच करायच्या असत्या तर तुमच्यापर्यंत कशाला आले असते?" म्हणत ती उठली.

शेवटी जुन्या सामानाच्या दुकानात, बंद पडलेल्या एका ऑफिसच्या ढिगात, तसंच कार्ड सापडलं.

घरी वहिनीने टॉर्च धरला. नणंदेने मेलेलं कार्ड उपसलं. कडेचं प्लास्टिक भाजून तपकिरी झालं होतं. कार्डासमोर ते थंड ठेवणारा छोटा पंखा होता, पण त्याची वायर काढून, टेपने गुंडाळून बाजूला बांधलेली. टेपचं टोक दुमडलेलं. पुन्हा सोडवताना सापडावं म्हणून दादा नेहमी तसं दुमडायचा.

वहिनीने टॉर्चचा झोत त्या टेपवर आणला.

"मीच म्हणाले होते," वहिनी म्हणाली. "हे मेलं घरघरतं, डोळ्याला डोळा लागत नाही. दुसऱ्या दिवशी आवाज बंद. मला वाटलं, यंत्र सुधारलं."

नणंद खाचेतली धूळ पुसत म्हणाली, "टॉर्च जरा इकडे, वहिनी."

तिने ढिगातून आणलेलं कार्ड खाचेत बसवलं, दोन्ही टोकं दाबली, केबली होत्या तशा लावल्या. मग टेपचं दुमडलेलं टोक धरून ओढलं आणि पंख्याची वायर जोडली.

पडद्यावर प्रश्न आला: डिस्कवरची जुनी रचना पुसायची, की आहे तशी स्वीकारायची? खूण पुसण्यावरच उभी होती.

"थांबा वन्सं, चष्मा घालू दे." वहिनीने प्रश्न दोनदा मोठ्याने वाचला. "खालचं. खालचंच ना?"

"खालचंच."

नणंदेने खूण खाली आणली आणि बटण दाबलं. चारही डिस्क एकापाठोपाठ जाग्या झाल्या. पहिल्याच रेकॉर्डिंगमध्ये दादा खाकरला. "डॉक्टर म्हणालेत, रोजची वाक्यं बोला." मग हुबेहूब वहिनीच्या सुरात, "वन्सं आल्या वाटतं, बिस्किटांचा डबा लपवा."

"असं मी कधी म्हणाले?"

"दर वेळी."

वहिनी हसली, आणि हसता हसता पदराने डोळे दाबून खाली बसली.

नणंदेने पिशवीतल्या वेगळ्या डिस्कवर प्रत काढायला लावली. पंखा घरघरत होता.

"सकाळपर्यंत चालेल हे. बाहेरच्या खोलीत नेऊ का?"

"इथेच राहू द्या," वहिनी म्हणाली. "होऊ दे आवाज."

तिने कपाटाचं दार सताड उघडं ठेवलं आणि अंथरूण घातलं.