उजेनी

दिवाकर पागनीस इंदूरच्या एका कॉलेजात संस्कृत शिकवायचे. त्यांच्या पत्नीला, सुलोचनाबाईंना, दिवस गेले होते तेव्हा ते त्यांना सांचीचा स्तूप दाखवायला घेऊन गेले. तिथल्या कठड्यांवर दान देणाऱ्यांची नावं आणि गावं कोरलेली आहेत. एका ओळीखाली बोट धरून त्यांनी ब्राह्मी अक्षरं लावली आणि खुलले.

"हे बघ, उजेनी. म्हणजे आपलं उज्जैन. संस्कृतात उज्जयिनी, पालीत उज्जेनी, ग्रीक व्यापाऱ्यांनी त्याचं ओझेनी करून टाकलं. पण दगडावरचं हे किती गोड आहे. मुलगी झाली तर हेच ठेवायचं."

सुलोचनाबाईंना वाटलं, चेष्टा करतायत. मुलगी झाली आणि बारशाला त्यांनी खरंच तिच्या कानात ते नाव सांगायला लावलं.

घरात ते नाव छान होतं. स्नेहलतागंजच्या गल्लीबाहेर पडलं की त्याचे हाल सुरू व्हायचे. शाळेत मॅडमनी हजेरी घेताना 'उज्जैनी' म्हटलं आणि मागच्या बाकावरून कोणीतरी कंडक्टरचा सूर लावला, "उज्जैन, उज्जैन, चलो एक सवारी!" तो सूर तिच्या मागे शाळा संपेपर्यंत होता. सुट्टीत पुण्याला गेलं की मावसभाऊ विचारायचे, उजनी धरणावरून ठेवलंय का गं? ती रडत आली की बाबा जवळ घेऊन समजवायचे.

"अगं, दोन हजार वर्षांत त्या गावाला एका नावानं कोण म्हणालंय? ज्याच्या जिभेला जसं वळलं तसं त्यानं घेतलं. गाव कधी रुसलं का?"

"मी गाव नाहीये, बाबा," ती म्हणायची.

कॉलेजात गेल्यावर, अठरा पूर्ण होताच, तिनं कोणाला न विचारता शपथपत्र करून घेतलं. पेपरात बारीक अक्षरांत जाहिरात आली की उजेनी दिवाकर पागनीस यापुढे ईशा या नावानं ओळखली जाईल. बाबांनी ती चहा पिताना वाचली, पेपराची घडी केली आणि कॉलेजला निघून गेले. चिडले नाहीत. अबोलाही धरला नाही. पण त्या दिवसापासून त्यांनी तिला कुठल्याच नावानं हाक मारली नाही. "अगं", "ऐक", आणि बायकोला "तुझी लेक जेवली का?" यावर त्यांचं भागायचं. जुनं नाव तिनं टाकलेलं आणि नवं त्यांच्या तोंडात येईना. ईशाला आधी राग आला, मग सवय झाली. नोकरीसाठी ती पुण्याला गेली, तिथेच लग्न झालं. सासरच्या माणसांशी ओळख करून देतानाही बाबा "ही आमची मुलगी" एवढंच म्हणाले.

मागच्या वर्षी त्यांचा आवाज बसला. गरारे करून, काढे पिऊन झाले. शेवटी तपासणीत घशाचा कॅन्सर निघाला आणि डॉक्टरांनी सरळ सांगितलं, "सर, जान बच जाएगी, आवाज़ नहीं बचेगी." स्वरयंत्रच काढावं लागणार होतं.

ईशा मिळेल त्या विमानानं आली. वाटेत तिच्या मनात एकच गोष्ट होती. आवाज जायच्या आत बाबांनी आपल्याला एकदा, फक्त एकदा, उजेनी म्हणावं. ते नाव त्यांच्यासारखं कोणालाच म्हणता यायचं नाही. 'जे'वर ते थोडे रेंगाळायचे, जणू अजून दगडावरचं अक्षर लावतायत. हे इतक्या वर्षांनी मागायचं कसं, तेवढं तिला सुचत नव्हतं.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी आई काउंटरवर गेली होती. बाबा हिरवा गाऊन घालून पलंगावर बसले होते. त्यांनी हातानं तिला जवळ बोलावलं. आवाज खरखरत होता, मधेमधे तुटत होता.

"ईशा," ते म्हणाले.

ती नुसती बघत राहिली. त्यांना वाटलं ऐकू आलं नाही, म्हणून घसा साफ करून त्यांनी पुन्हा म्हटलं, "ईशा. चांगलं नाव आहे गं. मी उगाच इतकी वर्षं..." पुढचं खोकल्यात गेलं.

त्यांचा चेहरा परीक्षा देऊन बाहेर आलेल्या पोरासारखा झाला होता. आता जुनं नाव मागितलं असतं तर त्यांच्या हातचं हे देणं परत केल्यासारखं झालं असतं. ईशानं त्यांचा हात धरला. "हो, बाबा," ती म्हणाली. तेवढ्यात वॉर्डबॉय स्ट्रेचर घेऊन आला.

संध्याकाळी आईनं सांगितलं, "रिपोर्ट आला ना, तबसे रोज गच्चीवर जाऊन तुझं नाव घोकत होते. मला म्हणे, जमायला पाहिजे, टाइम कमी है."

बाबा घरी आले. गळ्याला भोक, त्यात नळी. बोलणं सगळं मोबाइलवर टाइप करून. ईशा पुण्याला परतली आणि त्यांचे मेसेज येऊ लागले. प्रत्येकाची सुरुवात 'चि. ईशा' अशी असायची. थंडी पडली तेव्हा दुखणं फुफ्फुसात पोचलं होतं, आणि संक्रांतीच्या आधीच ते गेले.

दिवसपाणी आटोपल्यावर एका दुपारी ईशानं आईला सांगितलं की त्या सकाळी तिला बाबांच्या तोंडून उजेनी ऐकायचं होतं. सुलोचनाबाई पदरानं चष्मा पुसत म्हणाल्या, "मग बोलायचं ना गं. त्यांना किती बरं वाटलं असतं." मग चष्मा डोळ्यांवर चढवून विचारलं, "मी म्हणू का?"

"नको," ईशा म्हणाली.

मग ती फोन घेऊन बाबांचा आवाज शोधत बसली. वर्षानुवर्षांचे लिहिलेले निरोप होते, सुभाषितं होती, सणांच्या शुभेच्छा होत्या. बोललेला निरोप एकच सापडला, आजारपणाच्या बऱ्याच आधीचा. "हां, पोचलीस का? बरं. आईनं लाडू दिलेत पिशवीत, खा." त्यात नाव नव्हतं, जुनं नाही की नवं नाही. तिनं तो पुन्हा लावला. आतल्या खोलीतून सुलोचनाबाई उठून आल्या आणि तिच्या शेजारी बसल्या.

"आवाज वाढव जरा," त्या म्हणाल्या.