अमेरिकेच्या भुताची फलश्रुती

सानगडीत भूत पाहिलेली माणसं बक्कळ सापडतील, पण भुताला विडी पाजून वाटेला लावलेला माणूस एकच, सुखराम. तळ्याच्या पाळीवर त्याला आजवर सात हडळी भेटल्या होत्या. सातही जणी उलट्या पायांच्या, आणि साऱ्यांनी तंबाखूच मागितला. त्याची बायको चंद्रभागाबाई पस्तीस वर्षं हे ऐकत आली होती. भुताचं तिला काही वाटत नव्हतं. तिचं भांडण भिंतीशी होतं.

त्यांना घरकुल मंजूर झालं होतं. जुनं घर पाडून धनीराम मिस्त्रीनं नवं उभं करायला घेतलं, आणि सैपाकखोलीची भिंत कमरेपर्यंत आली. जुन्या सैपाकखोलीत इतका अंधार, की रस्त्यानं कोण गेलं ते चंद्रभागाबाई खोकल्यावरून ओळखायची. नव्या खोलीला रस्त्याकडे खिडकी हवी, एवढंच तिचं मागणं होतं. सुखरामला मात्र त्या भिंतीला धानाची पोती लावायची होती. तो म्हणाला, "चुलीले का रस्ता पाहाचा हाय?" धनीरामनं सांगून टाकलं, शुक्रवारी भिंत वर जाईल, मग खिडकीचं नाव काढू नका.

अशात बुधवारी बौद्ध विहाराचा कारभार पाहणाऱ्या डोमाजीची लेक रत्नमाला भंडाऱ्याहून आली. कॉलेजात इंग्रजी शिकवते, पीएचडी करते. विषय असा, की सांगताना मधे श्वास घ्यावा लागतो: अमेरिकन लेखिकांच्या भूतकथांचे स्त्रीवादी वाचन. एक गोष्ट मराठीत करून गावच्या बायांना वाचून दाखवायची आणि त्या काय म्हणतात ते लिहून घ्यायचं, असं तिच्या मनात होतं. डोमाजीनं विहारात जागा द्यायला साफ नकार दिला. आपण भुतं सोडून दोन पिढ्या झाल्या, अन् ही पोरगी अमेरिकेहून नवी आणते, असं त्याचं म्हणणं. चंद्रभागाबाईनं त्याच संध्याकाळी आपल्या अंगणातल्या कडुलिंबाखाली जागा दिली.

आता चंद्रभागाबाईच्या गल्लीत वाचन म्हटलं की पोथीचं. बाया आंघोळी करून आल्या. सत्यभामाबाईनं नारळ आणला. कोणी स्टुलावर धुतलेलं कापड अंथरलं, उदबत्ती लावली. वाचन घरी आहे म्हणजे घरधनी यजमान, आणि समाप्तीपर्यंत यजमानानं उठायचं नाही. सुखरामला टिळा लावून पुढंच बसवलं. रत्नमाला आधी गांगरली. मग तिच्या लक्षात आलं, चर्चासत्रात जेवणाची घंटा झाली की खोली रिकामी होते, इथं तर कोणी हलायला तयार नाही. ती वाचू लागली.

गोष्ट साधी होती. बर्फाच्या गावातला एक बागाईतदार. पहिली बायको वारली, दुसरी आली. दुसरीला रोज सकाळी एक खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवलेली दिसे. ती सरळ करी, दुसऱ्या दिवशी खुर्ची पुन्हा भिंतीकडे. कोणाला ओरखडा नाही, किंकाळी नाही. शेवटी दुसरी बायको त्या खुर्चीत बसते आणि गोष्ट संपते.

मग सत्यभामाबाईनं नारळ पुढे सरकवत विचारलं, फलश्रुती काय? ऐकल्यानं काय मिळते? रत्नमालानं घाम पुसला. तिचे मार्गदर्शक सर दोन वर्षांपासून हेच विचारत होते, फक्त ते त्याला निष्कर्ष म्हणत. खुर्ची भिंतीकडे का, यावर थोर विद्वानांची बारा मतं होती. ती बाराही तिनं सांगितली. मौन सांगितलं, दडपलेली इच्छा सांगितली. बायांनी हात जोडून ऐकलं, पोथीतलं संस्कृत ऐकतात तसं.

चंद्रभागाबाई म्हणाली, "रत्ना, येवढं कायले पायजे वं? पहिलीले तेथं खिडकी पायजे होती."

रत्नमालाची लेखणी थांबली. "मग तिनं सांगितलं काहून नाही, काकी?"

"सांगतलं असन. तो म्हणाला असन, पोती लावाची हायेत."

बाया अशा हसल्या, की कडुलिंबावरचे कावळे थेट साकोलीला जाऊन बसले. यजमानाला उठता येत नव्हतं.

गुरुवारी सकाळी सुखरामची लाल प्लास्टिकची खुर्ची अर्ध्या भिंतीकडे तोंड करून ठेवलेली. त्यानं ती सरळ केली. चहा पिऊन येतो तर पुन्हा भिंतीकडे. जेवणाच्या वेळी तिसऱ्यांदा. त्यानं रत्नमालाला गाठून विचारलं, समाप्ती बरोबर झाली नाही का? बर्फातलं भूत उन्हात किती दिवस टिकते? ती म्हणाली, यावर संशोधन झालेलं नाही. तेव्हा त्यानं हातखंडा उपाय केला. विडी पेटवून खुर्चीवर ठेवली आणि विटांच्या ढिगामागं दबा धरून बसला.

थोड्या वेळानं चंद्रभागाबाई विहिरीवरून आली. पाण्यानं भरलेला गुंड खाली ठेवला, विडी उचलून विझवली, खुर्ची धरून भिंतीकडे फिरवली आणि पदरानं पुसली.

सुखराम विटांमागून उठला. "तू? तू तं जिती हायस."

"मंग? त्या बाईनं मरेपरेंत वाट पाहिली. म्या आतापासूनच सुरू केलं."

"अन् मेल्यावर?"

"तवा काय, तवा मले दुसरं काम तरी काय राहीन?"

सुखरामनं सात हडळींना तोंड दिलं होतं, पण त्या तळ्यावर भेटायच्या आणि तंबाखू घेऊन जायच्या. ही घरात राहणार होती, आणि तंबाखू खात नव्हती. तो धनीरामकडे गेला. खिडकी किती मोठी ठेवायची, असं मिस्त्रीनं विचारलं, तर म्हणाला, तिलेच विचार, मले मधात घेऊ नोको.

रत्नमालानं आपल्या प्रबंधात तेरावं मत लिहिलं. सरांनी समासात लाल शाईनं विचारलं, आधार काय? तिनं खाली लिहिलं: चंद्रभागाबाई, मुक्काम सानगडी. पुढे त्या गल्लीत घरोघरी खुर्च्या फिरू लागल्या, आणि धनीराम मिस्त्रीला धान कापणीपर्यंत उसंत मिळाली नाही, असं म्हणतात. मी त्यातल्या नऊ खिडक्या मोजल्या आहेत. बाकीच्यांची हमी मी घेत नाही.

स्लॅब भरला, घर झालं. पहिल्याच दिवशी सुखराम रस्त्यानं आला, तर चंद्रभागाबाई खिडकीत कोपर टेकवून बसलेली. त्यानं बाहेरूनच हात पुढे केला आणि चहा मागितला.

"आत या," ती म्हणाली, "दूध डाव्या हाताले हाय, साखर वरच्या डब्यात. अन् चहा मांडूनच राहिले, तं माह्यासाठीबी मांडा." आणि पुन्हा रस्त्याकडे पाहू लागली. समोरून वरठीच्या कारखान्यातला कोणीतरी मोटारसायकलवर येत होता, आणि तो कोण ते खोकल्याशिवाय कळणार होतं.