चाँदसाहेबांचा डबा

मी डबा बोलतोय. हसू नका! साधा पत्र्याचा, बूच असलेला पाण्याचा डबा. नळदुर्गात हैदरच्या घरी फळीवर माझी जागा. दर शुक्रवारी, जुम्म्याला, मला अत्तर लावतात, अंगावर हिरवं फडकं पांघरतात. पाहुणे आले की हैदर छाती फुगवून सांगतो, "आमच्या दादांना समुद्रात यानंच वाचवलं."

खरंय ते. त्याचे आजोबा चाँदसाहेब आणि त्यांचा धाकटा भाऊ दस्तगीर हजला निघाले होते. भर समुद्रात जहाजाला आग लागली. दोघं गावच्या विहिरीत पाठीला डबा बांधूनच पोहायला शिकलेले. त्यांनी आपापले पाण्याचे डबे रिकामे केले, बुचं आवळली, पाठीला बांधले आणि उड्या टाकल्या. मी तरलो. दस्तगीरचा डबा गळका निघाला. भावाच्या डोळ्यांदेखत तो गेला.

त्यानंतर घरातलं कुठलंही लेकरू पोहायला निघालं, की चाँदसाहेब आधी मला हौदात दाबून धरायचे. बुडबुडा येतो का, लई वेळ बघायचे. लोक चिडवायचे. चाँदसाहेब गेले आणि मागं उरलं काय? अत्तर!

आता माझं दुखणं ऐका. फडक्याखाली माझ्या तळाला गंज चढला, बारीक भोक पडलं. सांगू कुणाला? हैदरचं हायवेला पंक्चरचं दुकान. दिवसभर ट्यूबा पाण्यात बुडवून बुडबुडे शोधतो. मला बुडवायचं मात्र कधी त्याच्या डोक्यात आलं नाही.

परवा तो म्हणाला, "आपली निखत दहा वर्षांची झाली. उद्या दादांचा डबा बांधून विहिरीत उतरवू." रात्रभर माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

विहिरीत दोन पुरुष पाणी. मला निखतच्या पाठीला बांधलं, तर पोरीचं काळीज माझ्या पत्र्यावर धडधडत होतं.

"अब्बा, बुडणार न्हाय ना मी?"

"दादांचा डबा हाय. भ्यायचं न्हाय."

अगं भी, माझे बाई, भी! पण डब्याला कुठलं तोंड?

कडेच्या हौदाशी हैदरची आई नूरजहाँ बसली होती. चाँदसाहेबांची सून. ती म्हणाली, "हैदर, आधी हौदात बुडवून बघ. तुझे दादा बघायचे."

"अम्मा, याच्यावर शक घेता?"

"गिऱ्हाइकाची ट्यूब बुडवून बघतोस. लेकीचा डबा न्हाय बघायचा?"

चिडूनच त्यानं मला सोडवलं आणि हौदात दाबलं. पोटात होता नव्हता तेवढा वारा मी त्या भोकाकडं लोटला. एक बुडबुडा आला. मग दुसरा. मग थांबेनातच.

हैदरनं मला हौदाकाठी ठेवलं. निखतला जवळ ओढून तिचं डोकं नुसतं चाचपत राहिला.

आता मी परत फळीवर आहे. फडकं काढलंय. दुकानातल्या सवयीनं हैदरनं माझ्या भोकाभोवती खडूनं गोल ओढलाय. अत्तर लावायचं तर लावा, बाबांनो. तो गोल तेवढा पुसू नका.