गढूळ पान्याची फिलम

कापूस फुटला की मी गौतमीची शाळा बंद करते. दरसाली. पोट काय पुस्तकानं भरतंय व्हय? पर त्या साली सूर्यभान गुरुजी आमच्या दारात आले. म्हणले, "पंचफुलाबाई, पोरीला घरी बसवू नका. शाळेतली पोरं व्हिडिओवर फिलम करायलेत, गढूळ पानी नितळ कसं करावं त्याची. हिला हा प्रयोग लय चांगला जमतो. फिलममदी हीच बोलंल."

झालं! पोरगी मडकं, वाळू, कोळसा मांडून मलाच शिकवायली. शाळा म्हणलं की पोट दुखनारी पोरगी, सकाळी माझ्या आधी उठायली. "माय, मी मास्तरीण होनार," म्हणली. म्हणलं, हो बाई. कापूस मी एकलीच येचीन.

मानवतचा लग्नाची शूटिंग करनारा आला. त्याचा खर्च दत्तरावचा. गावची निम्मी जमीन त्याचीच.

फिलम बघायला सगळं गाव शाळेत लोटलं. आमी मागं, आमच्या जागी. टीव्हीत मडक्यात पानी वतनारे हात माझ्या पोरीचे. नामांतराच्या दंगलीत आमचं घर पेटवलं, तवा तान्ह्या गौतमीचा हात भाजला; तो मी वळखनार न्हाई व्हय? पर तोंड दत्तरावच्या पोरीचं! गौतमीनं पाठ केलेलं सगळं तीच बोलायली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मुडद्यांनो, माझ्या लेकीच्या हातचं पानी तुमाला टीव्हीत चालतंय, हिरीवर चालत न्हाई!

लोकं उठून गेले तरी गौतमी बंद टीव्हीकडं बघत बसली.

आठवड्यानं गुरुजी पेढे घेऊन हजर. "आपल्या फिलमचा जिल्ह्यात पहिला नंबर आला, बाई! आता दुसरी फिलम करायची. पोरीला पाठवा."

"आन तोंड कुनाचं?"

गुरुजी खाली बघायले. "कॅमेऱ्याचे पैसे दत्तराव देतेत. माझं काय चालतंय, बाई?"

"मंग जावा तुमी. नुस्ते हातच पायजेत तर ते मलाबी लागतेत. रानात कापूस गळायलाय."

गुरुजी गेले. गौतमी दप्तर घेऊन दारातच उभी व्हती. माझा पदर धरून हळूच म्हणली, "माय, जाऊ दे की मला. हात तरी दिसतेल."

मी तिच्या खांद्यावरचं दप्तर काढलं आन तिच्या कमरंला कापसाची झोळी बांधली.