काळवीटचं विरजण

"तुमनी ती बरनी आज घरमाईन जाई ना? मंग मी फ्रीज धुई काढस," बेबीबाई नवऱ्याला म्हणाली.

"जाई वं. आज ती सासरले जाई ऱ्हायनी," बरणीला ओला पंचा गुंडाळत रतिलाल हसला. हसणारच की! पुण्याच्या कंपनीनं 'काळवीट' बिअर विकत घेतली होती आणि त्याला बंद कारखान्यावर बोलावलं होतं. कारखाना परत सुरू होणार, आपल्याला हाक येणार, याच आशेवर तर हा माणूस जगत होता.

बरणीत काळवीटचं विरजण होतं. अहो, बिअरलाही विरजण लागतं, दह्यासारखंच. कारखान्याचे मूळ मालक चुनीलालशेठ, त्यांनी ते जर्मनीहून थर्मासात आणलं, शहाद्याच्या रस्त्याला कारखाना टाकला, आणि बघता बघता तापीकाठच्या परमिट रूममध्ये काळविटाच्या चित्राशिवाय बाटली दिसेना. गुजरातेत दारूबंदी, तिकडचे पाहुणे इकडे लग्नाला आले की नवरदेवाआधी काळवीट शोधायचे. पुढे शेठ गेले. पोरांनी कारखाना एका बड्या कंपनीला विकला आणि तिनं आपली बिअर खपावी म्हणून त्याला टाळं ठोकलं. शेवटच्या दिवशी लोकांनी खुर्च्या नेल्या, पंखे नेले. विरजणखोली सांभाळणाऱ्या रतिलालनं नेमकी ही बरणी उचलली. खुळाच म्हणायचा!

तेव्हापासून तो ते विरजण लेकरासारखं जगवत होता. जवाला मोड आणायचे, भरडायचे, त्याचं पाणी उकळून गार करून बरणीला पाजायचं. उन्हाळ्यात वीज गेली की बर्फासाठी पळायचं. मेहुणीच्या हळदीतून तो असाच उठून गेला, तेव्हा बेबीबाईनं कितीतरी दिवस अबोला धरला होता. बापजन्मात कुणी दारूला न शिवलेल्या घरात हे विरजण, तेही नैवेद्याच्या दुधाशेजारी! पण तिनंही कधी ते फेकलं नाही.

कारखान्याच्या फाटकात कंपनीची किंजल कॅमेरा लावून उभी होती. तिला काळवीटच्या इतिहासावर फिल्म करायची होती. रतिलालनं सगळं मनापासून सांगितलं, मग बरणी पुढे केली. ती गोंधळली, बाजूला जाऊन फोनवर बोलली. परत आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता.

"काका, बिअर इथे नाही बनणार. बाहेरच्या राज्यात, दुसऱ्यांच्या कारखान्यात बनेल. तिथं त्यांचं स्वतःचं यीस्ट, म्हणजे विरजण, आहे."

"मंग ती काळवीट कशी व्हई, बेटा? इरजन बदलं का चव बदलस."

"आम्ही फक्त नाव घेतलंय, काका. नाव आणि चित्र."

विरजण म्हणजेच काळवीट, बाकी सगळी वरची सालं, असं रतिलाल जन्मभर धरून चालला होता. कुणी नुसती सालंच विकत घेईल हे त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं.

"बरणी हातात धरून एक शॉट द्याल?" किंजलनं हळूच विचारलं. त्यानं दिला.

शहाद्याच्या स्टँडवर गावची बस लागायची होती. नळाजवळच्या गटारीत त्यानं बरणी उपडी केली. पिकल्या केळ्यांसारखा वास सुटला. बाकावरची एक बाई नाकाला पदर लावून उठली. त्याला रडू कोसळलं. म्हातारा माणूस स्टँडवर रडला तर लोक पाकीट मारलं का विचारतात, म्हणून त्यानं तोंडावर पाणी मारलं आणि बरणी स्वच्छ विसळून घेतली.

घरी बेबीबाईनं रिकामी बरणी पाहिली. "लिधं का त्यासनी?"

कुणी घेतलं नाही, हे खरं सांगायचं असं तो बसमध्ये ठरवून आला होता. पण तिचं तोंड असं उजळलेलं त्यानं कितीक वर्षांत पाहिलं नव्हतं.

"लिधं."

"बठ्ठं? एक थेंबबी नही ऱ्हायना?"

"बठ्ठं."

झालं! बेबीबाईनं दारापुढच्या ओट्यावर जाऊन शेजारणीला हाक मारली, "ओ धनुबाई! यासनी इतला वरीस संभाळं, म्हनीसन कंपनी चालू व्हई ऱ्हायनी!" मग तिनं लापशी केली, देवापुढे ठेवली आणि नवऱ्याला ताट वाढलं.

"मंग कामवर कधय जानं शे?"

रतिलालनं ताटाकडे बघत घास कालवला. "बलावतीन," तो म्हणाला.

तिनं लापशीवर आणखी तूप वाढलं.