परत आलेलं पत्र

नातीने कपाचं चित्र आजोबांच्या नाकासमोर धरलं आणि आजोबांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

सकाळपासूनची ही चौथी खेप. पलंगाच्या कडेला कार्डांची चवड पडली होती: कप, किल्ली, छत्री, कुत्रा. बोलणं शिकवणाऱ्या बाई आठवड्यातून दोनदा यायच्या आणि जाताना ही चवड ठेवून जायच्या. चित्र बघायचं आणि नाव सांगायचं, एवढंच काम. पहिल्या दिवशी आजोबांनी ते केलंही होतं. छत्री बघून ते ‘चमचा’ म्हणाले, स्वतःच्याच कानांनी ते ऐकलं आणि तेव्हापासून मूग गिळून बसले. त्याला आता दीड महिना झाला होता.

बाईंनी आजींना बाहेरच्या खोलीत नेऊन स्पष्ट सांगितलं होतं. अर्धांगाच्या झटक्याने उजवा हात गेलाय, पण जीभ हलते, आवाज शाबूत आहे. शब्द परत येतील ते चुकतमाकतच येतील. चुकायचंच नाही म्हटलं तर येणारच नाहीत. पहिले काही महिने मोलाचे, पुढे ही वाट बुजत जाते.

आजींनी मान हलवली खरी, पण चुका करा असं त्या माणसाला सांगणार कोण? आजोबांनी चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितशोधकाचं काम केलं होतं. छापायला जाणाऱ्या मजकुरातल्या चुका डोळ्यांत तेल घालून शोधायच्या आणि खुणा करायच्या. छापखान्यातली माणसं त्यांना पाठीमागे ‘लाल पेन्सिल’ म्हणत. घरी तेच नाव तोंडावर चालायचं. काम अंगावर आलं की कागद घरी यायचे. मग आजी मूळ प्रत मोठ्याने वाचायच्या आणि आजोबांची पेन्सिल छापील ओळींवरून सरकायची. त्यामुळे सगळ्या खुणा आजींनाही पाठ होत्या. काढून टाका, जागा सोडा, पुढे घ्या. एखादा शब्द उगाच खोडला गेला असेल तर त्याच्याखाली ठिपक्यांची ओळ द्यायची, म्हणजे शब्द आहे तसा ठेवा. ही खूण मात्र आजींनी त्यांच्या हातून चार-पाचदाच पाहिली असेल. आपण खोडलं ते खोडलं, असा त्यांचा बाणा होता.

अशा माणसाच्या घरात ही नात. वसतिगृहातून सुट्टी काढून आली होती आणि आल्या दिवसापासून तिची भाषा आजींच्या डोक्यावरून जात होती. कुणीतरी फोनवर बढती मिळाल्याचं सांगितलं, तर ही म्हणाली, “विषय हार्ड!” आजींनी काळजीने विचारलं की एवढा कोणता विषय अवघड जातोय, शिकवणी लावू या का. नात हसून हसून जमिनीवर बसली. मग तिने समजावून सांगितलं की विषय हार्ड म्हणजे एकदम झकास. हार्ड असेल तर झकास कसं, हे आजींना शेवटपर्यंत कळलं नाही, पण त्यांनी वहीत लिहून घेतलं.

हो, आजींनी वही घातली होती. डाव्या बाजूला नातीचा शब्द, उजव्या बाजूला अर्थ. ‘सीन काय : काय चाललंय.’ ‘लोड घेणे : जिवाला लावून घेणे.’ ‘क्रिंज : वेड्यासारखं वागतो दुसरा आणि लाज वाटते आपल्याला.’ या शेवटच्या शब्दाचं तर त्यांना कौतुकच वाटलं. जन्मभर कितीतरी समारंभांत त्यांना नेमकं हेच वाटत आलं होतं, पण त्याला नाव असतं हे ठाऊक नव्हतं. वहीचा खटाटोप मात्र गंमत म्हणून नव्हता. पोरीचं बोलणं आपल्याला कळलं नाही तर ती बोलायची थांबेल, ही भीती त्यामागे होती. आजोबांशी तर ती दोन वर्षांपूर्वीच थांबली होती.

त्याचं कारण होतं एक पत्र. वसतिगृहातल्या पहिल्याच महिन्यात नातीने आजोबांना चार पानी पत्र लिहिलं होतं, हाताने, कारण आजोबा फोनवरचे निरोप वाचत नसत. त्यांनी ते पत्र तीनदा वाचलं. वाचताना त्यांचा चेहरा इतका फुलला होता की आजींना हेवा वाटला. चौथ्यांदा वाचायला घेतलं तेव्हा मात्र त्यांच्या हातात लाल पेन्सिल होती. मग तेच पत्र, खुणांनी लालेलाल झालेलं, उत्तर म्हणून उलट टपाली गेलं. नातीने शेवटी लिहिलं होतं, ‘माझं इथे मस्त चाललंय, तुम्ही लोड घेऊ नका.’ त्यातले शेवटचे शब्द खोडून समासात शेरा मारला होता, ‘अर्थबोध होत नाही.’ नका पाठवू, असं आजी म्हणाल्या होत्या. तिच्याच भल्याचं आहे, असं आजोबा म्हणाले. आणि पाकिटावर पत्ता आजींनीच लिहिला, याचं त्यांना अजून वाईट वाटायचं.

त्यानंतर नातीचं पत्र आलं नाही. फोनवर आजीशी तासभर गप्पा, आजोबांशी ‘हो’, ‘नाही’, ‘बरी आहे’. आजोबा चकार शब्द काढत नसत, पण टपालवाला दारावरून पुढे गेला की उगाच फाटकापर्यंत जाऊन येत.

आता नातीने कपाचं कार्ड खाली ठेवलं आणि ती उठून बाहेर गेली. कंटाळली बिचारी, असं आजींना वाटलं. तिने तरी किती पालथ्या घड्यावर पाणी ओतायचं! पण ती लगेच परत आली. तिच्या हातात एक पारदर्शक फोल्डर होतं आणि आतल्या कागदावर लाल रेघा दिसत होत्या.

आजींनी ते पत्र ओळखलं. आज, या अवस्थेत, ही त्यांना जाब विचारणार की काय?

“अगं, आत्ता नको ते,” आजी हळूच म्हणाल्या.

नात पलंगावर बसली आणि तिने चारही पानं आजोबांच्या पांघरुणावर पसरली. आजोबांची मान भिंतीकडून सावकाश वळली. सवयीने त्यांचे डोळे ओळींवरून चालू लागले.

“आजोबा, मला हे जपून ठेवायचंच होतं,” नात म्हणाली. “हॉस्टेलवर सगळ्यांना दाखवलं मी. माझं लिहिलेलं एवढं मनापासून आजवर कुणी वाचलेलं नाही. तुम्हाला थँक्यू म्हणायचं राहून गेलं.”

आजींनी हातातलं औषधाचं पाकीट खाली ठेवलं.

“पण खरं सांगू? त्यानंतर तीनदा तुम्हाला लिहायला बसले. प्रत्येक ओळीला वाटायचं, हेपण चुकलं असणार. तिन्ही वेळा फाडून टाकलं. दोन वर्षं गप्प बसले मी. आत्ता तुम्ही बसलाय ना, तशीच.”

आजोबा पत्राकडेच बघत होते. मग त्यांचा डावा हात पांघरुणावरून सरकत उशाजवळच्या पेल्याकडे गेला. पेल्यात लाल पेन्सिल होती. आजारपणात तिचा काही उपयोग नव्हता, पण आजींनी ती तिथून हलवली नव्हती. आता आजींनीच ती काढून आजोबांच्या बोटांत दिली. आणखी काय खोडायचं राहिलंय यांचं?

आजोबांनी शेवटचं पान ओढलं. डाव्या हाताला लिहायची सवय नव्हती. टोक कागदावर टेकलं, थरथरलं, उचललं गेलं, पुन्हा जरा पुढे टेकलं.

“राहू द्या आजोबा, हात दुखेल,” नात म्हणाली. “लोड नका घेऊ.”

ते थांबले नाहीत. आजी वाकल्या आणि त्यांनी पाहिलं. खोडलेल्या ‘लोड घेऊ नका’ या शब्दांच्या खाली, वेडेवाकडे, एक तर पार घसरून खालच्या कोऱ्या जागेत गेलेला, पण एकामागून एक ठिपके पडत होते. शेवटचा ठिपका देऊन त्यांनी पेन्सिल सोडली आणि आजींकडे बघितलं. पूर्वी पान संपलं की असंच बघायचे, पुढचं वाच म्हणून.

आजी खुर्चीत बसल्या आणि पदराने डोळे पुसू लागल्या. एवढ्या वर्षांच्या संसारात या माणसाने त्यांना पुष्कळ दिलं होतं, पण आज त्याने पोरीला जे दिलं त्याबद्दल त्यांना त्याचे पाय धरावेसे वाटले.

“आजी, काय झालं? कसले ठिपके आहेत हे?”

“सांगते. सगळं सांगते. आधी ते कार्ड दाखव त्यांना.”

नातीने कपाचं चित्र पुन्हा वर धरलं. आजोबांनी ते नीट पाहिलं. ओठ जुळले, सुटले, पुन्हा जुळले.

“बशी,” ते म्हणाले.

त्यांना ते ऐकू आलं. कपाळावर ती ओळखीची आठी पडली. आता मान वळणार, भिंतीकडे. आठी क्षणभर तशीच राहिली, मग हळूहळू विरली. मान वळली नाही.

“जवळ आलात,” नात म्हणाली आणि तिने पुढचं कार्ड उचललं. त्यावर किल्ली होती.

“कुलूप,” आजोबा म्हणाले, या वेळी जरा मोठ्याने.