रुखवतातली बाई

हिमानीच्या रुखवतातलं स्वयंपाकघर एका पाटावर मावत होतं, पण त्यात काय नव्हतं ते विचारा. इंजेक्शनच्या रिकाम्या बाटल्यांच्या बरण्या, त्यांत खरी हळद, खरं तिखट. पेनाच्या रिफिलचं लाटणं. पंचिंग मशीनमधून पडलेल्या गोल कागदांचे पापड, आइस्क्रीमच्या काड्यांच्या बाजेवर वाळत घातलेले. क्लेची चूल, तिच्यावर खोकल्याच्या औषधाच्या टोपणाचा गंज, हुबेहूब पातेल्यासारखा, आणि गंजात कापसाचं दूध, उतू जायला आलेलं.

हे सगळं प्रेरणानं दुपारी एक ते अडीचच्या मधे केलं होतं. तेवढ्या वेळात तिची लेक ईश्वरी झोपायची आणि सासू कोकिळाबाई ओसरीवर आडव्या व्हायच्या. एरवी प्रेरणा पुस्तक घेऊन बसली की त्यांना हमखास तहान लागायची. पण तिच्या हातात कात्री आणि फेव्हिकॉल दिसला की त्या काही म्हणत नसत. त्यांच्या लेकीचं रुखवत होतं ना ते.

प्रेरणाही जीव ओतून करत होती. या रुखवतावरच तिचं जाणं अडलं होतं.

लग्नाआधी तिनं कलाशिक्षकाचा डिप्लोमा केला होता. मोताळ्याहून मलकापूर काही लांब नाही. तिथल्या एका शाळेनं तिला हस्तकला शिकवायला बोलावलं होतं. याआधीही दोन बोलावणी आली आणि गेली. पहिल्यांदा आत्याबाई, म्हणजे सासूबाईच, म्हणाल्या, पोरगी चालाले लागू दे. पोरगी चालायला काय, पळायला लागली, तेव्हा म्हणाल्या सोयाबीन घरात येऊ दे. या खेपेला म्हणाल्या, हिमानीचं रुखवत होऊ दे, मंग जा. नवऱ्याला, ज्ञानेश्वरला, विचारावं तर मोबाईलमधली मान वर न करता तो म्हणायचा की आई नाही थोडीच म्हणून राह्यली. खरंच होतं ते. नाही असं त्या घरात कोणी कधी म्हटलंच नव्हतं.

हिमानी स्वतः बँकेत होती. तिची नोकरी सुटणार नाही असा शब्द कोकिळाबाईंनी साखरपुड्यातच, पाच बायांसमोर, वराच्या आईकडून, इहीनबाईंकडून घेतला होता. लेकीची गोष्ट वेगळी.

शाळेनं मात्र स्पष्ट सांगितलं होतं, सोमवारी हजर व्हा, नाहीतर जागा दुसरीला देऊ. लग्न शुक्रवारी होतं.

मंगळवारी दुपारी आत्याबाई पाटासमोर येऊन बसल्या. एकेक बरणी हातात घेऊन पाहिली, पापड मोजल्यासारखे केले, आणि म्हणाल्या की सगळं झालं, पण घरात बाई कुठी आहे? बाईबिगर घर सुनं दिसते.

मग प्रेरणानं तारेची बाहुली केली. आपल्याच जुन्या हिरव्या साडीच्या काठाचं लुगडं तिला नेसवलं, सुईच्या टोकानं कुंकू लावलं आणि चुलीपाशी बसवली.

"पक्की चिकटव," आत्याबाई म्हणाल्या. "टेम्पोत हालली नाई पाह्यजे."

प्रेरणानं ग्लू गन तापवली आणि लुगड्याच्या घेरासकट बाईला पाटाला चिकटवून टाकलं. बाई छान बसली. हात गंजाकडे, मान खाली. आत्याबाई समाधानानं ओसरीवर गेल्या.

तेवढ्यात ईश्वरी उठली. डोळे चोळत आली आणि पाटापाशी फतकल मारून बसली.

"आई, हिले बाहेर काढ ना. मी खेळतो हिच्यासंगं."

"तिले काम आहे बेटा. दूध पाहून राह्यली ती."

"कधी होते तिचं काम?"

लेकराला काय, काहीही सांगता येतं. प्रेरणा सांगणारही होती. पण तेवढ्यात ओसरीवरून आत्याबाईंचा फोनवरचा आवाज आला. चिखलीच्या बहिणीशी बोलत होत्या. त्या बहिणीच्या पोरीचं लग्न माघात होतं. आमच्या प्रेरणाच्या हातात जादू आहे, आत्याबाई सांगत होत्या, तू बजारातून काही आणू नको, ती करून देईन, घरीच तर असते. तुझं झालं की मंग जाऊच्या नातीचं आहे, तिलेही मी कबूल केलं.

वाईट बोलल्या असत्या तर भांडता तरी आलं असतं. त्या कौतुक करत होत्या. दुपारची झोप मोडून, एकेक बरणी, एकेक पापड करत आपण आपल्याच हातानं काय बांधून ठेवलं, ते प्रेरणाला आता दिसलं.

ती उठली. गॅसवर सुरीचं टोक तापवलं आणि बाईच्या लुगड्याखालून हळूच फिरवलं. डिंक सुटता सुटेना. शेवटी ओढली तेव्हा बाई हातात आली, पण लुगड्याचा नखाएवढा तुकडा पाटावरच राहिला. ईश्वरीनं बाहुली फ्रॉकच्या खिशात टाकली. आजीले दाखवू नको, एवढंच प्रेरणा म्हणाली, आणि पाटावर जिलेटीन कागद बांधून मोकळी झाली.

शुक्रवारी मंगल कार्यालयात रुखवत मांडलं, कागद सुटले आणि बाया गोळा झाल्या. वराची आई शैलजाबाई वाकून वाकून पाहत होत्या. गंजातलं दूध पाहून त्यांनी चष्मा पुसला.

"सगळं आहे हो," त्या म्हणाल्या. "पण घरची बाई कुठी गेली?"

कोकिळाबाईंनी पाहिलं आणि त्यांचा चेहराच उतरला. सगळ्या बाया प्रेरणाकडे वळल्या. तिनं काही ठरवून ठेवलं नव्हतं. तिच्या हातात हळदीकुंकवाचं तबक होतं, ते तिनं घट्ट धरलं.

"मलकापूरले गेली," ती म्हणाली. "शाळेत लागली. सोमवारपासून."

बाया हसल्या. दूध जाईन ना उतू, असं एक म्हणाली. नवरा पाहीन, दुसरीनं सांगितलं. शैलजाबाई सगळ्यांत जास्त हसल्या आणि हसत हसतच कोकिळाबाईंकडे वळल्या.

"मंग सासूनं काय म्हटलं असंन, इहीनबाई?"

साखरपुड्यातला तो शब्द दोघींनाही आठवला असावा. कोकिळाबाईंनी पदर सारखा केला.

"म्हणणार काय," त्या म्हणाल्या. "जा म्हटलं. दूध उतरवून जा."

पुन्हा हशा झाला. बाया पुढच्या पाटाकडे सरकल्या तशा कोकिळाबाई प्रेरणाच्या जवळ आल्या. आवाज अगदी खाली.

"सोमवारचा डबा कोण करीन?"

"मी करून जाईन, आत्याबाई."

"अन् चिखलीचं?"

प्रेरणा पाटाकडे वाकली. चुलीसमोर तो हिरवा तुकडा अजून चिकटून होता. तिनं नखानं खरवडून पाहिला. निघेना. मागे खुर्च्यांच्या रांगांमधून ईश्वरी बाहुलीला घेऊन पळत होती, आणि बाहुलीचं लुगडं मागून फाटलेलं आहे हे कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं.